वज्जींवर स्वारी करावी काय? : अजातसत्तूचा निर्णय

युद्धास निघण्यापूर्वी राजा कोणता विचार करतो, याचे अत्यंत बोलके चित्र दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभीच आढळते. आपल्या विहारांतून सात अपरिहानीय धम्मांचे वाचन नेहमी होते. परंतु ते कोणत्या प्रसंगी सांगितले गेले, इकडे सहसा लक्ष जात नाही. तो प्रसंग म्हणजे एका आक्रमणाची पूर्वतयारी होय.

मगधराज अजातसत्तूच्या मनात वज्जींचा समूळ उच्छेद करावयाचा होता. त्याचे कारण सुत्तात नाही. ते इ. स. ५ व्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत मिळते. गंगेवरील एका बंदरगावी अर्धे योजन मगधाची व अर्धे योजन लिच्छवींची सत्ता होती. पर्वतपायथ्याहून तेथे मौल्यवान माल उतरे. अजातसत्तु निघेपर्यंत लिच्छवी एकजुटीने येऊन तो सर्व घेऊन जात. पुढल्या वर्षीही तेच घडले. (जैन परंपरा सेचनक हत्ती व रत्नहार यांवरून कलह झाल्याचे सांगते.) कारण काहीही असो, राजास संताप आला होता, पण तो लगेच निघाला नाही. काशीवरून कोसलाच्या पसेनदीशी झालेल्या लढायांत तो एकदा जिंकला होता व एकदा जिवंत पकडला गेला होता. शिवाय वज्जींचे राज्य हे गणराज्य. तेथे एका राजाला पाडून भागण्यासारखे नव्हते.

म्हणून त्याने महामात्य वस्सकार ब्राह्मणास गिज्झकूट पर्वतावर तथागतांकडे धाडले. त्या निरोपात ‘हे युद्ध करणे योग्य आहे काय’ असा प्रश्नच नाही, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. राजाने केवळ आपला बेत कळविला आणि तथागत काय म्हणतात ते नीट ध्यानात ठेवून येण्यास सांगितले. कारण तथागत असत्य बोलत नाहीत. पित्याचा, बिम्बिसाराचा, वध करून गादीवर आलेल्या राजाच्या दरबारात अप्रिय सत्य सांगणारा कोण उरला असणार! त्याला खरी माहिती हवी होती. उपदेश नको होता.

तथागत अमात्याला थेट उत्तर देत नाहीत. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदांना ते विचारतात: वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकत्र जमून, एकत्र उठून, एकत्रच कामे करतात काय? प्रस्थापित नियम पाळतात काय? वृद्धांचा मान, स्त्रियांची सुरक्षितता, चेतियांचा आदर, अरहंतांचे रक्षण, अशी ही सात प्रश्नांची मालिका आहे. हत्ती किती, कोठारे किती, तट केवढा, यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही.

वस्सकाराला हे अचूक कळले. यांतील एक धम्म पाळला तरी वज्जींची वृद्धीच होईल, मग सातांचे काय सांगावे, असे तो कबूल करतो. आणि त्याच दमात म्हणतो की ते युद्धाने नव्हे, तर उपलापना वा मिथुभेद यांनीच जिंकले जातील. उपलापना म्हणजे देणग्या देऊन वश करणे. मिथुभेद म्हणजे आपसांत फूट पाडणे. वैद्याने सांगितलेले पथ्य शत्रूने ऐकावे आणि तेच मोडण्याच्या उद्योगास लागावे, तसे हे झाले.

मग तथागतांनी हे सांगितलेच का, असे आम्हांस अनेकदा विचारले जाते. अट्ठकथाकारांचे उत्तर असे की, त्यामुळे वज्जींना तीन वर्षांचा अवधी तरी लाभला. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. सुत्तातच स्पष्ट आहे की हे सात धम्म वेसालीच्या सारन्दद चेतियात खुद्द वज्जींनाच पूर्वी सांगितले होते. त्यात गुपित काहीच नव्हते.

पुढील कथा केवळ अट्ठकथेतील, सुमारे नऊ शतकांनंतरची, म्हणून जपून घ्यावयाची. उपलापनेत हत्तीघोडे खर्ची पडतील, म्हणून राजाने भेद पत्करला. वस्सकाराने भर सभेत वज्जींची बाजू घेतली; मुंडन करून त्याला हाकलण्यात आले. हा कपटी आहे, याला नदी उतरू देऊ नका, असे काही लिच्छवी म्हणाले; परंतु आपल्यासाठी त्याने हे सोसले, असे म्हणणाऱ्यांचे चालले. न्यायदानाचे पद मिळताच तो एखाद्या लिच्छवीस बाजूला नेऊन विचारी, ‘शेत नांगरतात ना?’ ‘होय, दोन बैल जुंपून.’ एवढेच! दुसरा विचारी, आचार्य काय म्हणाले? खरे सांगितले तरी त्यास पटत नसे. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने जाईनासे झाले.

गंगा उतरू देऊ नका, म्हणून वेसालीत नगारा वाजला. कोणी जमले नाही. वेशी बंद करा, म्हणून पुन्हा वाजला. तेव्हाही कोणी आले नाही. अजातसत्तु उघड्या दरवाजांतून आत शिरला.