अलिंदाची थरथर आणि विजेचा झटका

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, लयबद्ध आकुंचन न पावता नुसती थरथरतात. ठोक्याशी वेळ जुळवून विजेचा झटका देण्याची पद्धत बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ मध्ये मांडली. अशा झटक्याने लय पूर्ववत होऊ शकते. मात्र विकार जुना झाल्यास यशाची शक्यता घटते.

मास्ट्रिख्ट (नेदरलँड्स) येथील शेळ्यांवरील प्रयोगांतून १९९५ मध्ये याचे एक कारण पुढे आले. कृत्रिमरीत्या सुरू केलेली थरथर प्रथम काही सेकंदांत थांबे. ती पुनःपुन्हा सुरू करत राहिल्यावर अलिंदपेशींचा विश्रांतिकाळ घटला व थरथर दीर्घकाळ टिकू लागली.

म्हणून निदानास विलंब नको. परंतु ४८ तास उलटल्यास, गुठळीच्या धोक्यामुळे, झटक्यापूर्वी सहसा किमान तीन आठवडे रक्त गोठू न देणारी औषधे द्यावी लागतात.