गाडी फटाके फोडायलीय? आधी तिचं ऐका!

रेस सोडली की सायलेन्सरमधून फट्-फटाक्! मित्र म्हणतात, काय भारी आवाज. मिस्त्री म्हणतो, बघू या. आणि गाडी? ती बिचारी सांगत असते की, माझं काहीतरी बिनसलंय.

लातूरहून नांदेडला गाडीवर निघालात की वाटेत बालाघाटचे उतार लागतात. तुम्ही रेस सोडता. गाडी गिअरमध्येच असते, वेग कमी होत जातो आणि मागून सुरू होतं, ‘फट्... फट्... फटाक्!’ मागे बसलेला दोस्त खूश होतो. ‘काय आवाज काढायलीय लेका तुझी गाडी!’

तुम्हालाही जरा बरं वाटतं. खरं सांगा, वाटतं ना?

पण तो आवाज ताकदीचा नाही. इंजिनात जळायला हवं होतं ते पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन जळतंय. म्हणजे पेट्रोल पंपावर तुम्ही मोजलेल्या पैशांचाच तो फटाका!

नेमकं होतं काय?

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण आपल्याकडच्या गल्लीत, शेतात, कॉलेजच्या पार्किंगमध्ये बघा. बाबांची जुनी स्प्लेंडर, भावाची पल्सर, मामांनी जिवापाड जपलेली बुलेट, सगळ्या कार्बोरेटरवाल्या.

कार्बोरेटरचं काम एकच, हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणं. साध्या पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असं वजनाचं प्रमाण लागतं. रेस पिळलेली असते तेव्हा मेन जेट पेट्रोल देतो. रेस पूर्ण सोडली की मेन जेटचं काम थांबतं आणि सगळा भार येतो तो बारीकशा पायलट जेटवर. मिस्त्री त्यालाच ‘स्लो जेट’ म्हणतात.

आता हा स्लो जेट कचऱ्याने अर्धा बुजलेला असेल किंवा त्याचा स्क्रू चुकीचा बसला असेल, तर इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातं. मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘लीन’ चालते. असं मिश्रण ठिणगी पडूनही नीट पेट घेत नाही आणि न जळताच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं. तिथे बाहेरची थोडी ताजी हवा मिळाली की भडका उडतो. तोच तुमचा ‘फटाक्’.

म्हणून नुसता मेन जेट मोठा टाकून हा आवाज जात नाही. रेस बंद असताना त्याचा संबंधच येत नाही.

उसाचाही हात आहे

यात आपल्या मराठवाड्याच्या उसाचाही वाटा आहे. उसापासून आणि धान्यापासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२३ मध्ये ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचलं.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे ई-२० ला हवा कमी पुरते, साधारण १३.५ ला १. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो. तो ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला असलं नाक नाही. साध्या पेट्रोलवर सेट केलेली जुनी गाडी ई-२० वर आपोआप जरा लीन होते. थंडीत हवा दाट असते, तेव्हा आणखी. ‘पहिले असं नव्हतं, आताच फोडायलीय’ अशी तक्रार असेल, तर हेही एक कारण असू शकतं.

स्क्रूला हात लावण्याआधी

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आवाज आला की आपण थेट स्क्रू फिरवतो. थांबा. आधी गळती शोधा.

इंजिनाला बेंड पाईप जिथे जोडलेला असतो तिथे बघा. काळी काजळी दिसतेय? मग तिथून धूर बाहेर येतोय आणि हवाही आत शिरतेय. पॅकिंग बदला, नट आवळा. कित्येक गाड्यांचे फटाके एवढ्यावरच थांबतात.

मग कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबर तपासा. उन्हाने तो तडकतो. गाडी स्लोवर चालू ठेवून त्यावर थोडं साबणाचं पाणी टाका. इंजिनाचा आवाज बदलला तर चीर आहे, असं समजा.

बऱ्याच गाड्यांमध्ये धूर कमी व्हावा म्हणून सायलेन्सरमध्ये ताजी हवा सोडणारी एक नळीही असते. रेस सोडल्यावर तिचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. नळी फाटली किंवा व्हॉल्व्ह बिघडला, तरी फटाके फुटतात. ती नळी बंद करून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नळी किंवा व्हॉल्व्ह बदला.

एअर फिल्टर काढून ‘पिकअप वाढवला’ असेल, तर तो आधी परत बसवा. टॅपेट फार घट्ट असतील तर तेही मिस्त्रीकडून तपासून घ्या.

आता ट्युनिंग

१. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करा. काम मोकळ्या जागी करा. बंद खोलीत गाडी चालू ठेवणं म्हणजे विषारी वायूशी खेळ. बेंड पाईपला हात लावू नका.

२. स्क्रू कुठे आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत घेतला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. हे उलट झालं की सगळंच उलट!

३. गाडी बंद करा. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती आटे आत गेला ते लिहून ठेवा. जोर लावलात तर टोक खराब होईल. मग होता तेवढाच बाहेर काढा. काही चुकलं तर निदान परत तरी येता येईल.

४. गाडी चालू करून स्क्रू पाव-पाव आटा फिरवा. जिथे इंजिन सगळ्यात जोमात आणि एकसारखं फिरतं, तिथे थांबा. मग रेसच्या स्क्रूने स्लो परत जागेवर आणा. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत तो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात सापडेल.

५. मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारा, रेस सोडून ऐका. अजून फुटतंय? पेट्रोल पाव आटा वाढवा आणि परत ऐका.

पेट्रोल वाढवता वाढवता तीन आट्यांच्या पुढे जावं लागत असेल, तर दोष स्क्रूचा नाही. स्लो जेट बुजलाय. तो काढून कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करा. सुई किंवा तार घालू नका. ते भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. एकदा मोठं झालं की नवा जेटच घ्यावा लागतो.

आणि हो, पेट्रोल वाढवत सुटू नका. प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर उत्तम, पांढराफटक म्हणजे लीन, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. काळ्या प्लगची गाडी ॲव्हरेज तर खातेच, पीयूसीतही अडकते. २००० नंतरच्या आणि बीएस-४ च्या आधीच्या चार स्ट्रोक दुचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आतच हवा.

मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनात रेस सोडल्यावर हलकीशी पुटपुट राहिली, तर घाबरू नका. तेवढं चालतं.

आणि मुद्दाम फोडणारे?

काही जण हे फटाके विकत घेतात. कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा पाईप बसवतात. कुणी चालत्या गाडीत किल स्विच बंद-चालू करून बार काढतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो यात जळून खराब होऊ शकतो, सायलेन्सर फाटू शकतो. कायदाही आहे. आवाज-धुराचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

पण दंडाचं सोडा. लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री अकरा वाजता एक चक्कर मारून बघा. प्रत्येक खिडकीत दिवा चालू असतो. कुणी नांदेडच्या खेड्यातून आलेलं, कुणी परभणीच्या. घरच्यांनी सोयाबीन विकून फी भरलेली. नीटचा पेपर तोंडावर आलेला. एखादं अवघड गणित सुटतच आलेलं असतं आणि खालून कुणीतरी ‘फटाक्’ करून जातं.

ते खिडकीतलं पोरगं कदाचित तुमच्याच गावचं असेल.

तेव्हा या रविवारी स्क्रू ड्रायव्हर घ्या. जमत नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीशेजारी तासभर बसा, तो आनंदाने दाखवेल. आणि सोमवारी रात्री त्याच गल्लीतून जाताना रेस सोडा. एकाही खिडकीतून कुणी डोकं वर काढलं नाही, तर समजा, ट्युनिंग जमलं!