वाळवण्याची करामत

विश्रांतवाडीत बूट घेतलेत तर खोक्यात सिलिका जेलची पुडी निघते. ओलं जेल साध्या हवेत वाळवलं, की सुटता सुटता पाणी छिद्रांच्या भिंती आत ओढतं आणि जेल आकसून टणक होतं. ओलावा शोषायला ती बारीक छिद्रं पुरतात. उष्णता अडवायला मात्र सगळी पोकळी शाबूत हवी. १९३१ मध्ये किस्टलर यांनी द्रव इतका तापवला आणि दाबला, की द्रव-वायू भेदच उरला नाही. ओढ संपली, हाती आलं हलकं एरोजेल. पण हा दाब महाग, शिवाय धोक्याचा! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने भिंतींवर मिथाइल गट बसवून जेल साध्या दाबाखाली वाळवलं. अशा भिंती आकसल्या तरी एकमेकींना चिकटत नाहीत, पुन्हा फुलतात.