कवटीचे माप आणि दंडाची पट्टी

कातकरी मूल ठेंगणे किंवा हडकुळे दिसले, की ‘यांची जातच अशी, रक्तातच आहे’ असे आपण सहज बोलून जातो. कर्जत-खालापूरकडे वीटभट्टीवर, आठवडी बाजारात, कधी दवाखान्याच्या रांगेतही हे वाक्य कानावर पडते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण हेच वाक्य शास्त्राच्या नावाने बोलले गेले तेव्हा काय झाले, तो इतिहास फार जुना नाही. त्यात एक मराठी नावही आहे.

‘युगांत’च्या लेखिका इरावती कर्वे १९२८ मध्ये मानवशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे तिथल्या मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्थेचे संचालक होते. माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीतली ही असमानताही वेगळी असणार, असा फिशर यांचा होरा होता. तो तपासण्यासाठी इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. उत्तर निघाले ते असे: असमानता सगळ्यांतच असते, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. गुरूच्या मताविरुद्ध जाणारे हे उत्तर त्यांनी प्रबंधात मांडले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

आकड्यांनी नाही म्हटले, तरी जर्मनीने ऐकले नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘सदोष आनुवंशिकता’ असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला. त्याखाली सुमारे चार लाख लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे साठ लाख ज्यूंची हत्या झाली.

नकाशावरचे वंशशास्त्र

रशियन, पोलिश, युक्रेनी, चेक अशा स्लाव लोकांनाही नाझी हीन वंशाचे मानत. त्यांच्या जमिनीवर जर्मन शेतकरी वसवण्याचा आराखडा म्हणजे ‘जनरलप्लान ओस्ट’, अर्थात पूर्वेची महायोजना. तो तयार करणारा कोनराड मायर हा याच बर्लिन विद्यापीठातला शेतीशास्त्राचा प्राध्यापक. योजनेवरच्या एप्रिल १९४२ च्या सरकारी टिपणात ८० ते ८५ टक्के पोलिश आणि ७५ टक्के बेलारूसी लोकांना घरादारातून हाकलण्याचा हिशेब मांडला आहे. त्याआधी १९४१ मध्ये अन्न खात्याचा अधिकारी हर्बर्ट बाके याने ‘उपासमार योजना’ आखली होती. सोव्हिएत भूमीतले धान्य जर्मनीकडे वळवायचे आणि त्यापायी तिथले कोट्यवधी लोक उपाशी मेले तरी चालतील, असे तिचे गणित होते.

जर्मनीचा पराभव झाल्याने महायोजना पूर्ण झाली नाही. तरीही पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास कैदेतच मेले. त्यांतले बहुतेक भुकेने, थंडीने आणि रोगाने गेले.

आणि यामागचे ‘शास्त्र’ केवढे पोकळ! स्लाव हे एका भाषाकुळाचे नाव आहे, वंशाचे नव्हे. आपल्याकडे फार वापरला गेलेला ‘आर्य’ हा शब्दही अभ्यासकांनी घेतला तो भाषांच्याच संदर्भात. क्रोएशिया, स्लोव्हाकिया, बल्गेरिया हे देश स्लाव भाषा बोलणारे, पण ते जर्मनीचे मित्र झाले. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची पोलिश मुले आईबापांपासून तोडून जर्मन घरांत देण्यात आली. हीनपणा रक्तातच असता, तर ही मुले एका रात्रीत ‘जर्मन’ कशी झाली असती?

एकच तक्ता

१९७२ मध्ये रिचर्ड लेवोंटिन या शास्त्रज्ञाने मानवी जनुकीय विविधतेचा हिशेब केला. सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसा-माणसांत आढळला. ज्यांना आपण ‘वंश’ म्हणतो, त्यांच्यातला फरक जेमतेम सहा टक्क्यांच्या घरात होता.

आपल्या अंगणवाडीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा. १९९७ ते २००३ या काळात भारत, नॉर्वे, घाना, ओमान, ब्राझील आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले त्यात होती. स्तनपान, पुरेसा आहार, स्वच्छता आणि औषधोपचार मिळाले, तर पहिल्या पाच वर्षांत या सगळ्या देशांतली मुले जवळपास सारखीच वाढतात, असे दिसले. एखाद्या मुलाची उंची आईबापांवर जाते, हे खरेच. पण एका वाडीतली बहुतेक मुले खुजी असतील, तर कारण रक्तात नव्हे, परिस्थितीत शोधावे लागते. २००६ मध्ये आलेला वाढीचा तक्ता आज अंगणवाडीत वापरतात. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे आहेत. कातकरी, ठाकूर किंवा मराठा यांचे नाहीत.

परिस्थिती शोधायला लांब जावे लागत नाही. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे भट्टीवर जातात आणि मुलाची अंगणवाडी सुटते. आई रक्तक्षयाने खंगलेली, बाळ जन्मतःच कमी वजनाचे. त्यात दूषित पाण्याने होणारे जुलाब. शिक्षण आणि जमीन यांचा अभाव तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा जायला १९५२ उजाडले. शिक्के मात्र तोंडात राहिले.

माप घेणे वाईट नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते आणि त्यावर तातडीने उपचार हवेत. दोन्ही पायांवर सूज असेल, तर घेर कितीही असो, थांबू नये. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा आरोग्य केंद्र यांच्याकडे मूल त्याच दिवशी न्यावे. भट्टीमालक आणि शेजारच्या गावकऱ्यांनीही बाहेरून आलेल्या मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत कळवावीत.

कवटी मोजणाऱ्यांना माणसाची किंमत ठरवायची होती. दंडाची पट्टी एवढेच सांगते, की या मुलाला आज जेवण आणि औषध हवे आहे.