हौदातल्या तरंगत्या झाडांचा मुहूर्त

दिवाळीच्या साफसफाईत अंगणातला जुना हौद घासून स्वच्छ होतो आणि मग त्यात काहीतरी सोडायची हौस येते. चार मासे, वर तरंगणारी हिरवी फुलोऱ्यासारखी झाडे, कडेला बसायला ओटा. नगरजवळच्या भिंगारच्या वाड्यांत असे हौद अजून आहेत. नव्या बंगल्यांत त्यांची जागा फायबरच्या टाक्यांनी किंवा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या खड्ड्यांनी घेतली आहे. झाडे कधी सोडायची, हा प्रश्न नेमका याच दिवसांत विचारला जातो, म्हणून उत्तर आधीच देतो: आत्ता नको. कार्तिकात हौद बांधा, भरा, गळतो का पाहा. झाडे महाशिवरात्रीनंतर.

या गावाला पाण्यातल्या बागेची हौस काही नवी नाही. 1490 मध्ये भिंगारजवळ अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्या जागी आधी बाग उठवली. नगर शहर नंतर वसले. भिंगार छावणीच्या बाजूला फराहबागेचा अष्टकोनी महाल आजही उभा आहे. 1583 मध्ये, मुर्तझा निजामशहाच्या काळात तो पुरा झाला, आणि तेव्हा तो एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध होता. आज तलाव कोरडा आहे. पाणी खापरी नळांनी आसपासच्या खेड्यांतून शहरात आणि बागांत आणलेले असे. कापूरवाडीची नळयोजना त्यांतलीच. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात तलावात महाल बांधणाऱ्यांना एक गोष्ट नीट ठाऊक असणार: इथे झाडापेक्षा पाणी सांभाळणे अवघड. तरंगत्या झाडांचे वेळापत्रकही त्याच गोष्टीवर ठरते.

बागकामाची बहुतेक पुस्तके थंड देशांतली. त्यांत लिहिलेले असते की शेवटचे हिमकण पडून गेले, पाणी कोमट झाले, की तरंगती झाडे सोडा, म्हणजे मे-जून. ते वाचून भिंगारमध्ये मे महिन्यात गोंडाळ सोडले तर आठवड्यात पानांच्या कडा करपतात. गोंडाळ म्हणजे नर्सरीवाले ज्याला वॉटर लेट्यूस म्हणतात ते, कोबीच्या गड्ड्यासारखे, मखमली पानांचे. त्याला साधारण 22 ते 30 अंशांचे पाणी मानवते. जलपर्णीचेही थोड्याफार फरकाने तसेच. पाणी 10-12 अंशांच्या खाली गेले की तिची वाढ थांबते आणि पस्तिशीच्या पुढेही ती कुरकुरते. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी चाळीसला टेकतो. उथळ हौदातले पाणी हवेच्या मागोमाग तापते आणि निवते. म्हणजे झाडाला जम बसवायला मिळतात ते मधले आठवडे.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हापासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ हाच भिंगारचा खरा मुहूर्त. त्याला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठे. फाल्गुनात ऊन चढले की हौदाचे पाणी हिरवे व्हायला लागते. ते हिरवेपण म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्याला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि माशांच्या विष्ठेतून येणारे नत्र-स्फुरद. तरंगती झाडे वरून सावली धरतात आणि लोंबत्या मुळांनी तेच अन्न खाऊन टाकतात. पण शेवाळाच्या आधी पोचली तरच. चैत्रात पाणी हिरवेगार झाल्यावर धावत नर्सरीत जाणारे लोक दरवर्षी दिसतात. त्यांचे उशिरा आलेले गोंडाळ एकाच वेळी उन्हाशी आणि शेवाळाशी झुंजत बसते.

हे वेळापत्रक पडताळून पाहायचे असेल तर पुण्याच्या नद्यांकडे पाहावे. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा यांच्यावर जलपर्णीचा गालिचा दाट होतो तो हिवाळा सरल्यावर, प्रवाह मंदावलेला असताना. पावसाळ्यात पूर आला की तो वाहून खाली उजनीकडे जातो. कुणी न लावता, सांडपाण्यावर पोसलेली ही वनस्पती आपला हंगाम स्वतः निवडते, आणि तो आपल्या मुहूर्ताशी जुळतो.

मग कार्तिक ते माघ काय करायचे? सिमेंटचा नवा हौद असेल तर भरपूर काम आहे. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की मासे आणि मुळे दोन्ही होरपळतात. हौद भरायचा, आठवडाभर ठेवायचा, उपसलेले पाणी झाडांऐवजी अंगणात शिंपडायचे, हौद पुन्हा भरायचा, असे दोन-तीनदा. बोअरचे पाणी आपल्याकडे जड असते, खडकातून येणारे. त्यात गोंडाळाची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात; पाण्यात लोह असूनही अल्कधर्मी पाण्यात ते झाडाला उचलता येत नाही. छपरावरचे पावसाचे पाणी साठवलेले असेल तर निम्मे ते घाला. नळाचे असेल तर एक-दोन दिवस उघडे ठेवा, क्लोरीन उडून जाते.

फाल्गुनात झाडे आणली की लगेच हौदात टाकू नयेत. नर्सरीतली झाडे हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. उघड्या उन्हात ती पोळतात. बादलीत आठ-दहा दिवस झाडाच्या सावलीत ठेवावीत. त्याच काळात मुळांना चिकटलेली गोगलगाईंची अंडी आणि मसुरीच्या दाण्याएवढे डकवीड दिसून येते. एकदा हौदात शिरलेले डकवीड निवडून काढणे म्हणजे तांदळातून रवा वेचणे. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर सोडावीत. सहा बाय चार फुटांच्या हौदाला मुठीएवढी चार-पाच गोंडाळे पुष्कळ झाली. दुकानदार डझनभर घ्या म्हणेल. दीड-दोन महिन्यांत ती आपोआप तेवढी होतात. हौदाचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग झाकला की थांबायचे. पूर्ण झाकला तर रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. कोई किंवा गोल्डफिश असतील तर ते मुळे कुरतडतात. पीव्हीसी पाइपचे कडे करून त्यात झाडे ठेवली की निम्मी तरी वाचतात.

एप्रिल-मेत उघड्या हौदाची पातळी दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर उतरते. पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा जड पाणी ओततो. या दोन महिन्यांत लावणी नाही, फक्त राखण. दुपारी हौदाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर हिरवी जाळी ताणावी, आणि पंधरवड्याने चौथा हिस्सा पाणी काढून कुंड्यांना घालावे. कुंड्यांतल्या झाडांना ते खतासारखे लागते.

पावसाळ्यातही एक खिडकी उघडते, जुलैच्या आसपास. पाणी निवलेले असते आणि ऊन सौम्य. पण नगरच्या पठारावर त्या दिवसांत वारा काय असतो हे सांगायला नको. खांडक्याला आणि सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. नव्या, हलक्या झाडांना वारा एका कोपऱ्यात ढकलतो, ती एकमेकांवर चढतात आणि खालची कुजतात. आधीच जम बसलेल्या झाडांना हे होत नाही. शिवाय आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. हौद भरून वाहतो तो तेव्हा, आणि वाहताना झाडे बरोबर नेतो.

इथे जरा थांबायला हवे. भिंगारच्या गटारीतून गेलेले झाड नाल्यात जाते, नाला सीनेत, आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेत. अंगणातली शोभा तिथवर पोचणे अशक्य नाही. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांसाठी बागांमधून जगभर फिरली. बंगालमध्ये तिने भातशेती आणि जलमार्ग इतके अडवले की 1936 मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. 1980च्या दशकात तिला खाणारे भुंगेरे परदेशातून आणून भारतात सोडले गेले. ते काम करतात, पण सांडपाण्याच्या खुराकावर वाढणारी जलपर्णी त्यांच्यापुढे पळते. म्हणून माझे स्पष्ट मत: बागेतल्या हौदात जलपर्णी लावूच नये. नदीतून फुकट मिळते म्हणून आणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ती सांडपाण्यातले जड धातू शोषून बसलेली असते. तिची उंच पाने उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडवतात, आणि ते नगरला परवडणारे नाही. गोंडाळही पसरणारेच, पण ते ओळखू येते आणि हाताने उचलता येते. भाद्रपद लागला की निम्मे काढून टाकावे आणि हौदाच्या सांडव्याला जाळी बांधावी.

गोंडाळाबद्दल एक इशारा मात्र द्यायलाच हवा. मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागावर येत नाहीत. त्या गोंडाळाच्या मुळाला नळी टोचून तिथली हवा घेतात. केरळात हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत तळ्यांतले गोंडाळ उपसून काढले होते ते याच कारणाने. नेहमीच्या डासांच्या अळ्या गप्पी मासे खातात, पण मुळांच्या जंजाळात लपलेल्या या अळ्या त्यांनाही सापडत नाहीत. आठवड्यातून एकदा झाड उचलून मुळे बादलीत झटकली की काम होते.

ज्यांच्या दारात गाय किंवा कोंबड्या आहेत त्यांनी अझोलाच लावावे. नगर हा दुधाचा जिल्हा, आणि अझोलाचे वाफे इथे गोठ्यांच्या शेजारी दिसू लागले आहेत. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नार्डेपने रुळवलेली पद्धत सोपी आहे: दोन बाय दोन मीटरचा, प्लास्टिक अंथरलेला उथळ खड्डा, चाळलेली माती, शेणकाला, चिमूटभर सुपर फॉस्फेट आणि वर दहा सेंटिमीटर पाणी. या इवल्याशा नेच्याच्या पानांत हवेतले नत्र धरणारे निळे-हिरवे जिवाणू राहतात, म्हणून वाळलेल्या अझोलात पाव हिश्शाच्या आसपास प्रथिने भरतात. त्याची वेळ थोडी वेगळी: वीस ते तीस अंशांत ते झपाट्याने वाढते, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीसही सुरू करता येते. दिवाळीत काही लावायचेच असेल तर हेच. थंडी कडक झाली की ते लालसर पडते. घाबरू नये, वाफा रात्री गोणपाटाने झाकावा. मे महिन्यात मात्र पन्नास टक्क्यांची जाळी नसेल तर ते आठवड्यात विरघळते.

काढलेले गोंडाळ कधीही नाल्यात टाकू नये. ओट्यावर दोन-तीन उन्हे द्यावीत, मुळे पूर्ण सुकू द्यावीत आणि मग आंब्याच्या किंवा लिंबाच्या आळ्यात पसरावे. मार्गशीर्षात हौदातली पाने पिवळी पडतील. ती खुडून टाकावीत, कारण कुजली तर पाणी नासते. पुढच्या फाल्गुनासाठी दोन-तीन चांगली रोपे बादलीत, दक्षिणेकडच्या भिंतीला, दिवसभर ऊन मिळेल अशी ठेवली की नर्सरीचा खर्च वाचतो.