तंबू, शिधा आणि अस्वल

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, सिएरा नेवाडा पर्वतांत, योसेमिटीचें विस्तीर्ण अरण्य आहे. १८९० सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें तंबू ठोकून राहणाऱ्यास रात्रीं भय वाटतें तें अस्वलाचें. वस्तुतः जिवाचा धोका अस्वलालाच अधिक. हें 'काळें अस्वल' केवळ नांवानें काळें. तेथें तें बहुधा तपकिरीच दिसतें. त्याचें घ्राणेंद्रिय इतकें तीव्र, कीं साबण व दंतमंजनहि त्याला खाद्यच वाटतें. एकदां तंबूंत आयतें अन्न सांपडलें, म्हणजे मुळें व किडे उकरण्याचे कष्ट तें कशाला करील? मग त्याची भीड चेपते, तें घरफोड्या बनतें, आणि प्रसंगीं रक्षकांना त्याला ठार करावें लागतें. नवल हें, कीं १९४० पर्यंत उद्यानांतच अस्वलांना उकिरड्यावर खाऊ घालून प्रेक्षकांची करमणूक केली जात असे! १९९८ सालीं मोटारी व सामान फोडल्याचे दीड हजारांहून अधिक प्रकार घडले.

आतां रानांत मुक्काम करणाऱ्यास अस्वलाला न उघडणारा मजबूत डबा नेणें सक्तीचें आहे. शिधा, साबण, कचरा, सारें त्यांत. शिधा झाडाला टांगण्याची जुनी युक्ति तेथें मना आहे. दोरी कशी तोडावी हें अस्वलें केव्हांच शिकलीं. डबा तंबूपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवावा. कड्याजवळ वा ओढ्याकांठीं ठेवल्यास अस्वल तो लोटून देईल, आणि सकाळची न्याहारी प्रवाहाबरोबर जाईल.