सुरीखालच्या इसहाकाचे काय?

अस्तित्ववाद म्हणजे नास्तिकांचे तत्त्वज्ञान, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. या विचाराचा पाया घालणारा डेन्मार्कचा सोरेन किर्केगार्द (१८१३-१८५५) श्रद्धावान ख्रिस्ती होता. ज्याँ-पॉल सार्त्र यानेही १९४५ साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात अस्तित्ववाद्यांचे ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी असे दोन गट सांगितले. मग या दोहोंत फरक कोणता?

आधी साम्य पाहू. कसे जगायचे याचा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा, गर्दीआड लपायचे नाही, हे दोघांनाही मान्य आहे. किर्केगार्दने अखेरच्या काळात डेन्मार्कच्या सरकारी चर्चवर कडाडून हल्ला चढवला. मृत्युशय्येवरही त्याने पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घेतले नाही. श्रद्धा बाळगूनही पुरोहितशाही झुगारणारा हा माणूस आम्हाला आदरणीय वाटतो.

फरक दिसतो तो अब्राहामाच्या कथेत. देवाच्या आज्ञेवरून हा बाप पोटच्या पोराचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो. किर्केगार्दने १८४३ साली या कथेवर ग्रंथ लिहिला. त्यात अब्राहाम हा नीतीच्याही पलीकडे पोहोचलेला श्रद्धेचा वीर ठरतो. सार्त्र मात्र याच कथेवर विचारतो, तो आवाज देवदूताचाच हे ठरवले कोणी? अब्राहामानेच. म्हणजे जबाबदारीही त्याचीच!

आमचा प्रश्न आणखी पुढचा आहे. सुरीखाली मान होती ती इसहाकाची. त्याला कोणी विचारले? कथेत ऐनवेळी हात थांबतो. इतिहासात तो प्रत्येक वेळी थांबलेला नाही.

माणूस आधी जन्मतो आणि नंतर आपल्या कृतीने घडतो, असे सार्त्र सांगतो. स्वतःसाठी निवड करताना आपण साऱ्या मानवजातीसाठी निवड करतो, असेही तो बजावतो. या विचारात इसहाकाला जागा आहे, म्हणून आम्ही सार्त्रच्या बाजूने उभे आहोत.

परंतु नास्तिकांनीही गाफील राहू नये. देव नाकारला म्हणून आज्ञा संपत नाहीत. पक्षाची आज्ञा असते, राष्ट्राची असते, नेत्याचीही असते. देव मानावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र 'वरून आज्ञा आली' म्हणून दुसऱ्याच्या मानेवर सुरी ठेवण्याचा अधिकार आस्तिकाला नाही, तसा नास्तिकालाही नाही. कोणताही आदेश पाळण्यापूर्वी एवढेच विचारावे: यात इसहाक कोण आहे?